कन्सोलवर आलेला गेम पीसीवरही यायलाच हवा का? (जीटीए ६ च्या निमित्ताने)

रानवारा (धागाकर्ता)

जीटीए ६ साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली तेव्हापासून आमच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही, आणि गंमत नाही, खरंच वाईट वाटतं की आमच्या सहा जणांपैकी एकाकडेही तो त्या दिवशी चालेल असं मशीन नाहीये. जाहीर झालाय फक्त पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या डब्यांसाठी. पीसीचं नाव कुठेच नाही.

जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारचं हे आजचं नाही. जीटीए सॅन अँड्रियास पीएस २ वर ऑक्टोबर २००४ मध्ये आला, पीसीवर जून २००५. जीटीए ४ एप्रिल २००८ चा, पीसीवर डिसेंबरात. जीटीए ५ सप्टेंबर २०१३ ला आला आणि पीसीवाल्यांना मिळाला एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या वर. त्यांच्याच रेड डेड २ ला एक वर्ष. आणि पहिला रेड डेड रिडेम्प्शन, २०१० चा, तो पीसीवर आला ऑक्टोबर २०२४ मध्ये. चौदा वर्षं! तेव्हा पाचवीत असलेलं पोरगं तोवर नोकरीला लागलं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे घरात कॉम्प्युटर येतो तो अभ्यासासाठी. माझाही तसाच आला, इचलकरंजीत, बारावीनंतर, बाबांनी हप्त्यावर घेतला आणि पुढच्या वर्षी मी पैसे साठवून त्यात ग्राफिक्स कार्ड टाकलं. त्याच मशीनवर प्रोजेक्ट केले, रेझ्युमे केला, ताईच्या लग्नाची पत्रिका केली आणि रात्री गेम खेळलो. कन्सोलला असं कुठलंच कारण घरी सांगता येत नाही, तो फक्त खेळण्यासाठीच घ्यावा लागतो. पीएस ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता. वर एकेक नवा मोठा गेम ४,९९९. म्हणून मला वाटतं की गेम कन्सोलवर आला की पीसीवरही आला पाहिजे, आणि शक्यतो त्याच दिवशी. तुम्हाला काय वाटतं?

धुळेकर

रानवारा भाऊ, भावना पोचल्या पण हिशोब पटला नाही.

माझ्याकडे आधी पीएस ४ होता, आता पीएस ५. आमच्या धुळ्यात आम्ही पाच मित्र आहोत, डिस्क एकच घेतो. जो घेतो तो आधी संपवतो मग दुसऱ्याकडे जाते, शेवटी जुन्या डिस्कचा व्यवहार करणाऱ्याला विकून टाकतो आणि आलेले पैसे पुढच्या डिस्कमध्ये. म्हणजे ४,९९९ चा गेम मला पडतो हजार-बाराशेला. हे पीसीवर करून दाखवा. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, घेतलेला गेम तुमच्या खात्याला चिकटला तो चिकटला, ना विकता येतो ना मित्राला कायमचा देता येतो.

आणि ग्राफिक्स कार्डाचं काय? २०२१ मध्ये लोक दुप्पट भावाने घेत होते, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमच्या किमती कशा वर गेल्या ते ज्याने मशीन बांधायला काढलं त्याला विचारा. कन्सोल एकदा घेतला की सहा-सात वर्षं डोक्याला ताप नाही. माझा पीएस ४ २०१५ चा, अजून भाचा खेळतो त्यावर.

मध्यरात्र

दोघांचंही बरोबर आहे पण मूळ प्रश्न धंद्याचा आहे असं मला वाटतं.

कन्सोल बनवणारी कंपनी डब्यावर फार कमावत नाही. सोनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं होतं की आता ४९९ डॉलरचा पीएस ५ तोट्यात विकला जात नाहीये, म्हणजे तोवर तो तोट्यातच जात होता. पैसा येतो तो पुढे, त्यांच्या दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागच्या वाट्यातून आणि सबस्क्रिप्शनमधून. तेव्हा माणसाने डबा घेतलाच पाहिजे असं काहीतरी हातात हवं, तेच एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्याच डब्यावर मिळणारा गेम. हे निन्टेन्डो सगळ्यात कडक पाळतं, मारिओ झेल्डा पीसीवर येणार नाहीत आणि जो इम्युलेटरच्या (पीसीवर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) वाटेने गेला त्याच्यावर दावा, युझू हा इम्युलेटर बनवणाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलर द्यायचं कबूल करून गाशा गुंडाळला.

पण बाकीच्यांची भिंत पडत चालली आहे. मायक्रोसॉफ्ट बरीच वर्षं आपले गेम एक्सबॉक्स आणि पीसीवर एकाच दिवशी आणतं. आता तर फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये पीएस ५ वर आला, हे दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. सोनीने सुरुवात केली ऑगस्ट २०२० मध्ये होरायझन झीरो डॉनने, मग डेज गॉन, मग जानेवारी २०२२ मध्ये गॉड ऑफ वॉर. सगळे दोन-तीन-चार वर्षं उशिरा. आणि मग फेब्रुवारी २०२४ ला हेलडायव्हर्स २ पीएस ५ आणि पीसीवर एकदम सोडला आणि १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती गेल्या, सोनीचा सगळ्यात वेगाने खपलेला गेम. धुळेकर, तुमचे पाच मित्र आणि रानवाराचे सहा मित्र पहिल्याच दिवशी एका मोहिमेवर जाऊ शकत होते. हा मला सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो.

धुळेकर

हेलडायव्हर्स ऑनलाइन खेळायचा गेम आहे हो, त्याला माणसं जितकी जास्त तितकं बरं. गोष्ट सांगणाऱ्या गेमचं तसं नाही. द लास्ट ऑफ अस पार्ट वन पीसीवर मार्च २०२३ मध्ये आला तेव्हा काय अवस्था होती आठवतं का? शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) तयार व्हायलाच अर्धा-अर्धा तास लागतोय, मध्येच क्रॅश, चेहऱ्यांचे रंग भलतेच. बॅटमॅन अरखम नाइट तर जून २०१५ मध्ये आल्या आल्या पीसीवरची विक्रीच थांबवावी लागली, परत आला तो ऑक्टोबरच्या शेवटी. पीसीवर आणायचाच तर नीट आणा, नाहीतर आणू नका. पहिल्या दिवशी मोडका गेम मिळण्यापेक्षा वर्षभराने धड मिळालेला बरा.

खटपट्या

मी गेम बनवण्याच्या कामातच आहे (पुण्यात, कंपनीचं नाव नको), थोडं आतलं सांगतो, लांब होईल.

साधा पीएस ५ (प्रो सोडून) म्हणजे जगात कुठेही घ्या, एकच चिप, एकच १६ जीबी मेमरी जी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघं मिळून वापरतात, आणि एसएसडीवरून आलेला दाबलेला डेटा उलगडायला वेगळं हार्डवेअर. त्यामुळे शेडर, म्हणजे प्रकाश पाणी कातडी कशी दिसावी हे ग्राफिक्स चिपला सांगणारे छोटे प्रोग्राम, ते आम्ही आधीच त्या चिपसाठी तयार करून गेमसोबत देऊ शकतो. पीसीवर तसं सरसकट करता येत नाही. एकाकडे एनव्हिडियाचं जुनं कार्ड, एकाकडे एएमडीचं, एकाकडे इंटेलचं, प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा, म्हणून शेडर तुमच्या मशीनवर येऊनच तयार करावे लागतात. ते आधी केले तर तुम्हाला थांबावं लागतं, खेळताना केले तर गेम अडखळतो. यातून पूर्ण सुटका नाही, फक्त चांगलं काम आणि वाईट काम एवढाच फरक आहे.

दुसरं मेमरीचं. पीसीत रॅम वेगळी आणि कार्डावरची मेमरी वेगळी. कन्सोलवर डिझायनरने त्या १६ जीबीतला मोठा हिस्सा चित्रांना देऊन टाकलेला असतो आणि आपल्याकडे तर बहुतेकांच्या कार्डावर ६ नाहीतर ८ जीबी. मग टेक्स्चर, म्हणजे तीच चित्रं, लहान करा, पुन्हा तपासा, पुन्हा करा. हे काम गेम संपल्यावर दुसऱ्या कंपनीकडे ढकललं की ते ठिगळ दिसतं, आणि पहिल्या दिवसापासून डोक्यात धरलं तर दिसत नाही. सोनीने २०२१ मध्ये निक्सेस विकत घेतली, त्यांचं कामच हे, आणि घोस्ट ऑफ त्सुशिमा पीसीवर मे २०२४ मध्ये कसा आला बघा. आठ जीबीच्या कार्डावर लोण्यासारखा चालतो.

म्हणून धुळेकर, "उशिरा पण धड" हा हिशोब मला पटत नाही. अरखम नाइट कन्सोलच्या दिवशीच आला आणि फसला, द लास्ट ऑफ अस मूळ गेमनंतर इतक्या वर्षांनी येऊनही फसला. उशीर झाल्याने पोर्ट (दुसऱ्या मशीनसाठी केलेली आवृत्ती) चांगला होत नाही, त्यावर माणसं आणि महिने लावल्याने होतो. आणि उलटंही घडलंय की, सायबरपंक डिसेंबर २०२० मध्ये बऱ्या पीसीवर चालत होता आणि पीएस ४ वर इतका वाईट की सोनीने आपल्या दुकानातूनच काढला, सहा महिन्यांनी परत घेतला.

रानवारा

खटपट्या, फार छान समजावलंत. एक विचारू का, आपल्याकडचे छोटे स्टुडिओ काय करतात? त्यांना परवडतं का दोन्हीकडे?

खटपट्या

छोट्यांसाठी पीसी हाच दरवाजा आहे. स्टीमवर गेम टाकायला १०० डॉलर भरायचे आणि तुमच्याकडे आहे तोच कॉम्प्युटर पुरतो. कन्सोलसाठी डेव्हकिट (गेम बनवणाऱ्यांसाठीचा खास कन्सोल) लागतं, कन्सोल कंपनीची मंजुरी, मग सर्टिफिकेशनच्या, म्हणजे त्यांच्या तपासणीच्या फेऱ्या, एखादी चूक निघाली की परत रांगेत.

तरी आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओने 'राजी' हा गेम केला ना. तो आधी ऑगस्ट २०२० मध्ये फक्त निन्टेन्डोच्या स्विचवर आला आणि पीसी, पीएस ४, एक्सबॉक्सवर ऑक्टोबरात. त्या दोन महिन्यांत आमच्या ऑफिसात जो तो विचारत होता की आपल्या माणसांनी केलेला गेम आपल्यालाच कधी खेळायला मिळणार, कारण स्विच इथे किती जणांकडे असणार? त्यांच्यावर राग नाही माझा. छोट्या टीमला आधी एकाच कन्सोलवर आणायचा असा करार मिळाला तर त्यावर पगार निघतात आणि गेम पूर्ण होतो. पण तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की एक्सक्लुझिव्ह म्हणजे काय. दुर्गा, विष्णू, आपली देवळं, आपली चित्रं, आणि आपणच बाहेर उभे.

नागपुरी संत्रं

भाऊ लोक, मी २००४ ते २०११ सायबर कॅफे चालवला नागपुरात, महाल भागात. सांगतो तुम्हाला, आमच्या पोरांनी जीटीएचे वाइस सिटी आणि सॅन अँड्रियास कन्सोलवर कधी पाहिलाच नाही. तासाला १५ रुपये, सहा मशीन, दारात सायकली. एक पोरगं खेळे आणि चार मागे उभे राहून सांगत राहत, इकडे जा, तिकडे पोलीस आहे, हेलिकॉप्टर घे न! त्या सीडी कुठून यायच्या ते सगळ्यांना माहीत आहे, कॉपी केलेल्या असायच्या, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता आम्हाले. त्या पोरांपैकी दोघं आज स्टीमवर पगारातून गेम घेतात आणि मले दाखवतात, बघा काका यावेळेस पैसे देऊन घेतला. स्टीमनं २०१५ च्या शेवटी रुपयात भाव सुरू केले त्यानंतरच हे झालं.

म्हणून मला वाटते का जे लोक म्हणतात पीसीवर आणला की चोरी होते, त्यांनी हेही पाहावं की पीसीवर होता म्हणून भारतात या गेमचं नाव घरोघरी गेलं. जीटीए ५ चं तेच. रोलप्लेचे, म्हणजे एकेक पात्र बनून खेळायचे जे सर्व्हर आहेत, ज्यांचं लाइव्ह आपले पोरं रात्र रात्र पाहतात, ते पीसीवरचे, बहुतेक फाइव्हएमवर चालणारे. कोण्या चाहत्यांनी बनवलेलं ते, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द रॉकस्टारनेच त्या टीमला आपल्यात घेतलं. कन्सोलवर असं काही उगवूच शकत नाही, तिथं माती कोणाला खोदू देत नाही.

धुळेकर

काका हे मान्य. मॉडचा, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलांचा मुद्दा मी विसरलो होतो. पण माती खोदू दिली की चीटरही तिथूनच येतात. मी तर क्रॉसप्ले (पीसीवाल्यांसोबत एकत्र खेळणं) बंद करून खेळतो.

रीगाहून

मी लॅटव्हियात शिकते, मूळची सांगलीची. एक वेगळी बाजू सांगते, कारण "पीसीवर आला" एवढ्याने काम होत नाही.

मे २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ ला पीसीवरही पीएसएन (सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचं) खातं सक्तीचं करायचं ठरलं होतं. लोकांनी इतका विरोध केला की दोन-तीन दिवसांत मागे घेतलं, पण तोवर ज्या देशांत पीएसएन नाही असे पावणेदोनशेच्या आसपास देश आणि प्रदेश स्टीमवर बंद झाले होते. लॅटव्हिया, लिथुआनिया, एस्टोनिया हे तिन्ही त्यात. युरोपियन युनियनमधले देश, तरी. भारतात पीएसएन आहे त्यामुळे तिकडे फारसं कोणाला कळलं नाही. मी इथे लॅपटॉपवर एक गेम विशलिस्टला लावून ठेवला होता, सेलची वाट बघत, एकटीने खेळायचा साधा गोष्टीचा गेम, ऑनलाइनची गरजच नाही. एके दिवशी पान उघडलं तर "तुमच्या भागात उपलब्ध नाही". सुट्टीत सांगलीला आले तर तोच गेम तिथे दिसत होता. मला त्या दिवशी जे वाटलं ते शब्दात सांगणं अवघड आहे, पैसे हातात असून दुकानदाराने शटर ओढल्यासारखं.

पुढे जानेवारी २०२५ मध्ये सोनीने स्पायडर-मॅन २, गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक अशा काही गेमसाठी खातं ऐच्छिक केलं. चांगलं झालं. पण माझं म्हणणं असं की पीसीवर आणायचा तर पीसीसारखाच आणा. विकत घ्या आणि खेळा, मध्ये दुसरं दार नको.

मध्यरात्र

रीगाहून, हे खरंच माहीत नव्हतं एवढं, आभार.

आता एक गोष्ट जी मला आतून टोचते ती लिहितो. ब्लडबॉर्न. मार्च २०१५, पीएस ४, आणि तिथेच अडकलेला. सेकंदाला ३० फ्रेमला (चित्रांना) बांधलेला, पीएस ५ वर टाकला तरी ३० च. अकरा वर्षं लोक पीसी पोर्ट मागतायत. हे ज्या स्टुडिओने केलं त्यांचा डार्क सोल्स आधी कन्सोलवरच होता, चाहत्यांनी सह्या गोळा केल्या म्हणून २०१२ मध्ये पीसीवर आला, आणि आला तेव्हा आतून ७२० च्याच रेझोल्यूशनला बांधलेला होता. एका चाहत्याने त्याच दिवशी ते सोडवणारा मॉड टाकला. त्याच दिवशी! तो गेम आज ज्या पीसीवर लावाल तिथे चालतो, पुढेही कोणीतरी चालवेलच. ब्लडबॉर्नचं काय होणार? मशीन बंद पडली, डिस्क खराब झाल्या, दुकान बंद झालं की संपलं. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएसची दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केलीच ना, जे फक्त डिजिटल होते ते आता नव्याने विकत घेताच येत नाहीत. छापखाना बंद पडला म्हणून पुस्तक वाचता येणं थांबत नाही, गेमचं थांबतं. म्हणून पहिल्या दिवशी पीसीवर यावा की नाही यावर मी वाद घालणार नाही, पण कधीतरी यायलाच हवा. त्यावर मी मागे हटणार नाही.

धुळेकर

ब्लडबॉर्नची डिस्क आहे माझ्याकडे, विकली नाही ती. ती एकच विकली नाही. या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने.

मृण्मयी प

धागा सकाळपासून वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं.

माझा धाकटा भाऊ, वय २४. तीन वर्षांपूर्वी अपघातात उजव्या हाताची बोटं गेली. त्याच्याकडे कन्सोल होता, कंट्रोलर दोन हातांनीच धरायचा असतो, त्याने तो कपाटात ठेवून दिला आणि वर्षभर गेमचं नाव काढलं नाही. मग त्याच्या मित्राने त्याला पीसीवर बसवलं. डाव्या हाताखाली जास्त बटणांचा माऊस, पायाखाली दोन पेडल, जे खरंतर टायपिंगच्या कामासाठी मिळतात, आणि प्रत्येक बटण त्याला हवं तिथे लावून दिलं. पहिल्या संध्याकाळी तो दोन तास उठला नाही. आई दारात उभी राहून नुसती बघत होती.

कन्सोलवाल्यांनीही यावर काम केलंय हे सांगितलं पाहिजे, मायक्रोसॉफ्टचा अॅडाप्टिव्ह कंट्रोलर २०१८ चा आहे, सोनीचा अॅक्सेस डिसेंबर २०२३ चा, द लास्ट ऑफ अस पार्ट टू मध्ये तर साठच्या वर अशा सोयी होत्या. पण पीसीवर आमचं काम आमच्या गल्लीतल्या दुकानातून मिळालेल्या वस्तूंवर भागलं. कुठल्या कंपनीने आमच्यासाठी काही बनवायची वाट बघावी लागली नाही. त्यामुळे एखादा गेम फक्त कन्सोलवर येणार असं वाचलं की माझ्यासाठी तो वाद फॅनबॉयचा राहत नाही. तो माझ्या भावाला खेळता येणार की नाही एवढाच प्रश्न असतो.

रानवारा

मृण्मयीताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. मी धागा काढला तेव्हा डोक्यात फक्त माझे पैसे आणि माझी वाट बघणं होतं. भाऊ सध्या काय खेळतोय?

मृण्मयी प

घोस्ट ऑफ त्सुशिमा. फक्त एक अडचण आहे, तलवारीचे पवित्रे बदलताना एक बटण दाबून धरून दुसरं दाबावं लागतं आणि त्याला अंगठ्याने दोन्ही जमत नाही. खटपट्या, यावर काही होईल का?

खटपट्या

होईल. धरून ठेवायचं बटण पेडलवर टाका, पाय दाबलेलाच ठेवता येतो, आणि चारही पवित्रे माऊसच्या बाजूच्या बटणांवर. बाजूला चार बटणं आहेत ना त्या माऊसला? मॉडेल सांगा, मी आज रात्री माझ्याकडे लावून बघतो आणि फोटो टाकतो.

मृण्मयी प

सहा आहेत. मॉडेल त्याला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. तो शेजारीच बसलाय, म्हणतोय आजच सांग म्हणावं.